नॉरिचच्या खजिनदाराचे यंत्र

एका जुन्या छायाचित्राविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरिच शहरातला एक रस्ता. मालमोटार उभी आहे आणि एक अवाढव्य कपाट हलवण्यात माणसे गुंतली आहेत. साल १९५७, महिना फेब्रुवारी. पाहणाऱ्याला वाटावे, कोणा श्रीमंताचे बिऱ्हाड हलते आहे. प्रत्यक्षात ते होते नगरपालिकेने विकत घेतलेल्या गणकयंत्राचे एक अंग.

शहराचा कारभार संगणकावर चालतो म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे खिडकी, टोकन आणि मोबाइलवरची पावती येते. या कथेचा आरंभ मात्र खिडकीपाशी झाला नाही. तो आतल्या खोलीत, खजिनदाराच्या मेजापाशी झाला. नॉरिचचे खजिनदार बार्नार्ड यांनी १९५३-५४ च्या सुमारास अशा यंत्राचा शोध आरंभला. काम साधेच होते : घरपट्टी आणि पगार. १९५५ साली लंडनच्या इलियट ब्रदर्सशी बोलणी सुरू झाली, जानेवारी १९५६ मध्ये ‘इलियट ४०५’ ची मागणी नोंदवली गेली आणि ३ एप्रिल १९५७ रोजी लॉर्ड मेयर व वार्ताहर यांच्यासमोर यंत्र चालवून दाखवण्यात आले. हे लंडनमध्ये नव्हे, एका मध्यम शहरात घडले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मला मौज वाटते ती त्या यंत्रापुढे टाकलेल्या हिशेबाची. जुन्या रेडिओत असत तसल्या व्हॉल्व्हवर ते चाले आणि नोंदी जपून ठेवी सिनेमाच्या फितीएवढ्या रुंद चुंबकीय फितीवर. त्याने मोजायचे काय, तर बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड! आमच्या आजोबांनी पावकी-निमकी घोकून जे साधले, तेच या कपाटांनी विजेच्या बळावर साधायचे. गंमत अशी की, त्याच आठवड्यात, १ एप्रिल १९५७ रोजी, आपल्या देशाने आणे-पै सोडून शंभर नव्या पैशांचा रुपया स्वीकारला. इंग्लंडला तेवढे शहाणपण सुचायला १९७१ उजाडले.

घरपट्टीचे काम मात्र आपल्याला परके नाही. घर भाड्याने दिले तर वर्षाला काय येईल ते ठरवायचे आणि त्यावर कर आकारायचा, ही विलायती रीत. मुंबईत ती २०१० साली भांडवली मूल्यावरची आकारणी येईपर्यंत टिकली. घराघराची आकारणी, आलेली रक्कम, मागची थकबाकी : नॉरिचच्या कारकुनाची वही मुंबईच्या कारकुनाला सहज वाचता आली असती.

यात नागरिकाचे काय भले झाले, असे कोणी विचारील. खजिनदाराची सोय झाली, लोकांना काय? हा आक्षेप मला पटत नाही. पट्टीचे बिल बरोबर येणे ही लहान सेवा नव्हे. आमच्या घराची पट्टी मी वेळेवर भरत असूनही तीन वर्षे थकबाकी म्हणून येत असे. पावत्यांची पुरचुंडी घेऊन मी पालिकेत जाई. कारकून सज्जन होता. त्याला एकच रक्कम तीन वह्यांत उतरवावी लागे आणि एका वहीत माझे पान राहून गेले होते. त्याच्यावर रागवावे असे कधी वाटले नाही.

पुढे त्याच कचेरीत संगणक आला. आता हा जाच संपला, अशा समाधानात मी पहिले छापील बिल उघडले. थकबाकी होती तेवढीच होती. वहीतली चूक कोणीतरी इमानाने यंत्रात उतरवली होती, आणि यंत्र ती तितक्याच इमानाने सांभाळीत होते. अक्षर मात्र सुवाच्य होते. मी पुन्हा पावत्यांची पुरचुंडी बांधली.