हळदीच्या सरबताची नोंद



१९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याच्या उपायाला पेटंट मिळालं होतं. आपल्या सीएसआयआर या संस्थेनं त्याला हरकत घेतली. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक होते. ‘आमच्या आजीला हे ठाऊक होतं’ एवढं सांगून भागलं नाही. जुन्या ग्रंथांतले आणि छापील शोधनिबंधांतले दाखले द्यावे लागले. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

मी कॉमर्सची. वहीत नोंद नसेल तर व्यवहार सिद्ध करणं किती अवघड, हे मला लगेच पटतं.

आज हळदीच्या गार सरबताच्या कृतींत बहुधा ओली हळद, आलं, मध आणि बर्फ असतो. आपल्याला चारही वर्ज्य. ओली हळद आणि आलं अनंतकाय. हळकुंड आणि सुंठ मात्र चालते, कारण वाळल्यावर ती रुजत नाहीत आणि लागतातही चिमूटभर. हा विवेक नव्या कृतींत कुठे दिसत नाही. म्हणून आपली रीत लिहिते.

दोन पेले गाळलेल्या पाण्यात पाव चमचा हळदपूड, चिमूटभर सुंठ, दोन ठेचलेले मिरे, एक वेलदोडा आणि चवीपुरता गूळ घालून पाच मिनिटं उकळा. गाळा. भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवा. निवल्यावर लिंबू पिळा. सूर्यास्तापूर्वी संपवा.

तुमच्या घरची रीत वेगळी असेल, तर तीही सुनेला, लेकीला सांगा आणि वहीत लिहून ठेवा.