ओटा, सोऱ्या आणि तेवीस साचे

आमची कन्या नाशिकला संगणकाचं शिकते आणि शनिवारी कपडे धुवायला निफाडला येते. परवा चक्क पुस्तक घेऊन बसली होती.

"काय पाठ करतेस?"

"डिझाइन पॅटर्न, बाबा. तेवीस आहेत."

मी पडलो बी. कॉम. आकडा ऐकला की टोटल मारायला हात शिवशिवतात. "मलाही शिकव," म्हणालो. तिने आईकडे पाहिलं. आईने देव्हाऱ्याकडे.

पण गंमत अशी, की या तेवीस साच्यांचं मूळ संगणकात नाहीच. ते आहे घरबांधणीत! ख्रिस्तोफर अलेक्झांडर हा १९३६ साली व्हिएन्नात जन्मलेला, इंग्लंडात वाढलेला गृहस्थ. गणित आणि वास्तुकला दोन्ही शिकलेला. १९६० नंतर तो गुजरातेतल्या एका खेड्यात येऊन राहिला, तिथे त्याने शाळा बांधली. १९६४ च्या पुस्तकात त्याने सहाशे वस्तीच्या भारतीय खेड्याच्या गरजा मोजल्या. भरल्या १४१. त्यात घराचं दार दक्षिणेला नको, हीसुद्धा एक. परदेशी माणसाने आपल्या खेड्याचा असा ताळेबंद काढलेला पाहून मला भरून आलं.

पुढे १९७७ साली सहकाऱ्यांसह त्याने २५३ साचे छापले. साचा म्हणजे काय, तर पुन्हा पुन्हा उपटणारी अडचण आणि तिच्यावर मुरलेला तोडगा. त्यातला २४२ वा साचा आहे दारापुढचं बाकडं. म्हणजे ओटाच की हो! न्यायमूर्ती रानडे १८४२ साली आमच्या निफाडात जन्मले, तेव्हाही इथल्या गवंड्यांना ओटा बांधायला पुस्तक लागत नव्हतं. आज्याने बांधला, म्हणून नातवाने बांधला.

१९८७ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोन अमेरिकनांनी ही युक्ती प्रोग्रॅमिंगला लावून पाहिली आणि १९९४ साली गॅमा, हेल्म, जॉन्सन, व्लिसिडेस या चौघांनी तेवीस साच्यांचं पुस्तक काढलं. संगणकवाले या चौघांना चक्क 'चौकडी' म्हणतात.

हे साचे ऑब्जेक्टचे. ऑब्जेक्ट म्हणजे, माझ्या अल्पमतीप्रमाणे, बँकेच्या खिडकीवरचा कारकून. आपली माहिती आपल्यापाशी ठेवतो. बाहेरून फक्त काम सांगायचं, आत काय चाललंय ते विचारायचं नाही. एवढं समजल्यावर मी सुसाट सुटलो. 'सिंगलटन' म्हणजे एकच नग, कोणीही मागा, तोच मिळणार: आमच्या शाखेतला स्टेपलर. 'स्ट्रॅटेजी' सौभाग्यवतींनी ओळखला. "सोऱ्याच तो! भांडं तेच, चकती बदलली की चकलीची शेव." कन्येने ते वहीत लिहून घेतलं. माझा स्टेपलर घेतला नाही.

मग आली 'चेन ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी'. अर्ज पहिल्याकडे जातो. त्याला झेपला तर तो निकाली काढतो, नाहीतर पुढच्याकडे सरकवतो. मी उडालोच. "अगं, हे तर आम्ही बँकेत रोज करतो!"

"पण बाबा, यात एक धोका आहे. प्रत्येकाने पुढे ढकललं आणि शेवटी कोणीच घेतलं नाही, तर अर्ज नुसता गळून पडतो. प्रोग्रॅम बंदही पडत नाही. म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही."

मी गप्प झालो. द्राक्षबागेवर पाऊस झाल्यानंतर कर्जाची मुदत वाढवून मागायला आलेले एक काका मला आठवले. दर सोमवारी यायचे. टोपी काढून हातात धरायचे आणि विचारायचे, "साहेब, कुठवर आलं?" मी म्हणायचो, "पुढे पाठवलंय." गेले दोन सोमवार ते आले नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं.

रविवार कसाबसा काढला. सोमवारी दहाच्या आधीच शाखेत जाऊन मॅनेजरसाहेबांचा ढीग उपसला, आवक-जावक रजिस्टर चाळलं, शिपायाला दोनदा वरच्या माळ्यावर चढवलं. फाइल तिथे कुठेच नव्हती.

ती माझ्याच टेबलाच्या खालच्या खणात होती, कॅलेंडरांच्या गठ्ठ्याखाली. एक सही राहिली होती. माझी.

सही केली, फाइल स्वतः आत नेऊन ठेवली आणि साहेबांनी पेन उघडेपर्यंत तिथेच उभा राहिलो. मग काकांना फोन लावला. पलीकडून त्यांची सूनबाई म्हणाली, "ते ओट्यावर बसलेत. बोलावते, थांबा हं."