खुश्कीची वाट आणि सरहद्दीचा शिक्का
मोटारीने किंवा मोटारसायकलवरून खुश्कीच्या मार्गाने केलेल्या लांबच्या प्रवासांचा इतिहास बहुधा गाड्यांच्या कौतुकाने भरलेला असतो. मला तो सरहद्दींचा इतिहास वाटतो. १९५५-५६ मध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या सहा तरुणांनी दोन लँड रोव्हर लंडनहून सिंगापूरला नेल्या. ब्रह्मदेशातून वाट मिळाली, हेच त्यांचे मोठे यश; पुढे तीच वाट परदेशी मोटारींना कित्येक दशके जवळजवळ बंद राहिली. फोर-व्हील ड्राइव्हशिवाय हे जमलेच नसते, असा आक्षेप येईल. चिखलापुरता तो मान्य. पण १९३२ मध्ये लंडनहून निघालेला रॉबर्ट फुल्टन हा अमेरिकन तरुण डग्लस मोटारसायकलवर हिंदुस्थानात आला होता, आणि १९७० च्या दशकात तर जुनाट बसगाड्याही इस्तंबूल, तेहरान, काबूल करत काठमांडू गाठत. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ही वर्दळ आटली. गाड्या तोवर सुधारल्याच होत्या! अनेक देशांत गाडी नेताना लागणारे ‘कार्ने’ हे जकातीचे पुस्तकही याच बाजूने साक्ष देते: आधी अनामत किंवा हमी, मग नाक्यानाक्यावर येण्या-जाण्याचे शिक्के. जाण्याचा एखादा हुकला, तर जकातीची मागणी घरी पोहोचल्यावरही मागे लागते.