स्थानावरून पडलेले नाव : इंग्रजी प्रेपोझिशन आणि ड्रायडनची दुरुस्ती

शब्दाची जात त्याच्या कार्यावरून ठरवावी की वाक्यातील स्थानावरून, हा व्याकरणातील जुना वाद आहे. प्रेपोझिशनच्या बाबतीत तो नामकरणातच परस्पर निकाली निघाला. डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात शब्दांच्या आठ जाती सांगितल्या आहेत. त्यांपैकी एकीचे लक्षण 'इतर शब्दांच्या आधी ठेवला जाणारा शब्द' एवढेच. लॅटिन वैयाकरणांनी त्या संज्ञेचे शब्दशः भाषांतर केले आणि इंग्रजीने ते उचलले. 'मेकुम' (माझ्यासह) यासारखे थोडे अपवाद वगळता लॅटिनला हे लक्षण शोभण्यासारखे होते. इंग्रजीची प्रकृती निराळी. विभक्तिप्रत्यय झिजून गेलेल्या या भाषेत प्रत्ययांचे बरेचसे काम 'ऑफ', 'टू', 'विथ' हे शब्द करतात, ही गोष्ट जॉन वॉलिसने १६५३ मध्येच ओळखली होती. (त्याने हे इंग्रजीचे व्याकरण लिहिले ते मात्र लॅटिनमध्ये!)

नावाचे रूपांतर नियमात कसे झाले, याचा पुरावा व्याकरणग्रंथाआधी वाङ्मयसमीक्षेत सापडतो. १६७२ मध्ये जॉन ड्रायडनने आधीच्या पिढीतील नाटककारांची भाषा तपासताना बेन जॉन्सनच्या 'कॅटिलाइन' या नाटकातील एका वाक्यावर बोट ठेवले. वाक्याच्या अखेरीस 'फ्रॉम' आले होते. हा दोष आपल्याही लेखनात असल्याचे अलीकडेच ध्यानात आले, अशी कबुलीही त्याने दिली. ती केवळ विनयाची नव्हती. नाट्यकाव्यावरील आपल्या १६६८ च्या प्रसिद्ध निबंधाची नवी आवृत्ती १६८४ मध्ये काढताना त्याने अशी वाक्ये शोधून बदलली. शेवटचे प्रेपोझिशन उचलून संबंधी सर्वनामाच्या आधी नेऊन बसवले. १६७९ मध्ये त्याने लिहिले आहे की, इंग्रजी वाक्याविषयी शंका आली तर ते लॅटिनमध्ये उतरवून पाहिल्यावाचून आपल्याला कधी कधी गत्यंतर नसते. ही कसोटी लावल्यावर दुसरा निकाल लागणे शक्यच नव्हते. प्रेपोझिशन शेवटी ठेवून संबंधी वाक्य रचण्याची सोय लॅटिनमध्ये नाही. तेव्हा दोष जॉन्सनच्या इंग्रजीत नसून ड्रायडनच्या तराजूत होता, असेच म्हणावे लागते.

या नियमाचे खापर पुष्कळदा रॉबर्ट लोथच्या माथी फोडले जाते. ते अन्यायाचे आहे. ऑक्सफर्डमध्ये काव्याचे अध्यापन केलेल्या या विद्वानाने १७६२ च्या व्याकरणात ही रचना बोलण्यात रूढ असून घरगुती शैलीला शोभते, गंभीर शैलीत मात्र प्रेपोझिशन आधी असणे अधिक डौलदार, असा शैलीभेद सांगितला. निषेध केला नाही. इंग्रजी भाषेचा या लकबीकडे ओढा आहे, हे सांगणारे त्याचे वाक्यही प्रेपोझिशननेच संपते. लिंडली मरेने १७९५ च्या पाठ्यपुस्तकात ते विधान घेतले, पण त्यातले 'टू' मुकाट्याने आधी आणून ठेवले. लोथचा मिश्कीलपणा तेवढा गळला.

वाक्याच्या शेवटाविषयी एवढी चर्चा झाली, परंतु प्रेपोझिशन ओळखायचे कसे, हा खरा कठीण प्रश्न मागेच राहिला. 'शी क्लाइम्ड अप द वॉल' आणि 'शी टोअर अप द लेटर' या दोन्ही वाक्यांत 'अप' नामपदाच्या आधीच आहे. पण 'टोअर द लेटर अप' म्हणता येते. 'क्लाइम्ड द वॉल अप' म्हणता येत नाही. पहिल्या वाक्यात 'अप'चा संबंध भिंतीशी आहे, दुसऱ्यात क्रियापदाशी. नुसते स्थान पाहणाऱ्याला हा भेद दिसणार नाही. 'बिफोर'ची अवस्था याहून चमत्कारिक : पुढे नाम आले तर प्रेपोझिशन, वाक्य आले तर उभयान्वयी, काहीच न आले तर क्रियाविशेषण. ऑटो येस्पर्सनने १९२४ मध्ये आक्षेप घेतला की, क्रियापद सकर्मक असो वा अकर्मक, त्याला आपण क्रियापदच म्हणतो. मग या शब्दांच्याच तीन जाती का पाडायच्या?

हा प्रश्न मराठीलाही चुकलेला नाही. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून इंग्रजी व्याकरणाचा आदर्श आपल्यासमोर राहिला. 'शब्दयोगी' ही संज्ञा स्थानाविषयी काही बोलत नाही, ती जोडणीविषयी बोलते. या बाबतीत ती मूळ ग्रीक संज्ञेहून सरस आहे. तरीही 'तो माडीवर गेला' यातील 'वर' शब्दयोगी आणि 'तो वर गेला' यातील 'वर' क्रियाविशेषण, ही विभागणी आपणही शाळेत घोकतोच.

हडल्स्टन व पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणाने येस्पर्सनचे म्हणणे बहुतांशी स्वीकारले. त्यांनी 'अगो'लाही प्रेपोझिशन मानले आहे, आणि 'थ्री इयर्स अगो' यात ते आपल्या नामपदाच्या नंतर येते. त्याचा मराठी अनुवाद 'तीन वर्षांपूर्वी' असा होतो. तिथे तर 'पूर्वी' हा शब्दच मागे जाऊन बसला आहे.