पसांत्रेन

इंडोनेशियातील, मुख्यतः जावा बेटावरील, निवासी इस्लामी विद्यालय. येथील विद्यार्थ्यास ‘सांत्री’ आणि प्रमुख गुरूस ‘कियाई’ म्हणतात. हाशिम अशअरी यांनी 1899 मध्ये जोंबांगजवळ स्थापलेले तबुइरंग आणि 1926 मध्ये तीन भावांनी पोनोरोगो येथे उभारलेले गोंतोर ही प्रसिद्ध उदाहरणे.

अध्ययनाइतकेच सहजीवनालाही येथे महत्त्व आहे. एका खोलीत अनेक मुले दाटीवाटीने राहतात. स्वच्छता, पहारा अशी कामे पाळीपाळीने होतात. मोठ्या थाळीत किंवा केळीच्या पानांवर भात वाढून सर्वांनी एकत्र जेवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. गोंतोरने इस्लामी बंधुभाव आपल्या पाच मूलतत्त्वांत समाविष्ट केला. तिथे एकाच प्रांतातील फार मुलांना एका खोलीत राहू देत नाहीत, ठरावीक काळाने खोल्या बदलतात आणि दैनंदिन व्यवहारात प्रादेशिक बोलींऐवजी अरबी व इंग्रजी वापरावी लागते. शेकडो भाषांच्या देशात मैत्री गाव-जातकुळीपलीकडे नेण्याचा हा उपाय कडक असला, तरी उपदेशापेक्षा परिणामकारक म्हणावा लागेल.

या जवळिकीची दुसरी बाजूही आहे. न विचारता दुसऱ्याची वस्तू, विशेषतः चप्पल, वापरणे (‘गसब’) धर्मदृष्ट्या निषिद्ध असूनही सर्रास चालते. टॉवेल व अंथरुणे सामायिक असल्याने खरूज पसरते. ती झाल्याखेरीज कोणी खरा सांत्री होत नाही, असा विनोद तिथे रूढ आहे. अशा सांत्रींच्या सन्मानार्थ देशात 2015 पासून 22 ऑक्टोबर हा ‘सांत्री दिन’ पाळला जातो.