सासूकडून सुनेकडे : अहिल्याबाई होळकर व होळकरांची खासगी

आपल्या समाजातील वृद्ध मंडळी अहिल्याबाई होळकरांचे नाव घेतात तेव्हा ‘मातोश्री’ हा शब्द आपोआप त्यांच्या तोंडी येतो. वर्षांचा हिशेब मांडला तर हे नाते बरेच दूरचे ठरेल. ३१ मे १७२५ रोजी सीना नदीकाठच्या चौंडी गावी, माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी जन्मलेली ही कन्या आजच्या पिढीच्या पणजीचीही पणजी व्हावयाची. तरी या लेखापुरते आम्ही त्यांना पणजीच म्हणणार आहोत. पणजीला प्रत्यक्ष पाहिलेली माणसे घरात फार थोडी असतात, परंतु तिने बांधवून घेतलेल्या आडाचे पाणी मात्र सगळे घर पीत असते. अहिल्याबाईंचे व आमचे नाते नेमके असेच आहे.

आता खेदाची गोष्ट अशी की, त्यांना स्वतःच्या रक्ताचा पणतू मिळाला नाही. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी गळ घालून मागे फिरविले. १७६६ साली मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता एक पुत्र मालेराव गेला. कन्या मुक्ताबाई हिच्यापासून झालेला नातू नथ्याबा ऐन तारुण्यात वारला. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे महेश्वरी निवर्तले व मुक्ताबाई सती गेली. आईने तिला नाना परींनी विनविले, पण ती ऐकेना. १३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाईंनी देह ठेवला तेव्हा त्यांच्या पोटचे असे कोणीही मागे उरले नव्हते.

येथे मालेरावांविषयी एक शब्द लिहिणे भाग आहे. न्यायासाठी मातेने पुत्राला हत्तीच्या पायी देवविले, अशी एक कथा समाजातील सभांतून अजूनही मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. ही कथा खरी नाही. मालेराव चित्तभ्रमाच्या आजाराने गेला आणि आई त्याच्या उशाशी बसून होती. मुलगा दगावलेल्या आईवर असली कीर्ती लादणे आम्हांस बरे वाटत नाही. तिची खरी कीर्ती तिला पुरेशी आहे.

वंश असा खुंटला, मग कार्य कसे टिकले? याचे उत्तर ‘खासगी’ या एका शब्दात आहे आणि त्याचा आरंभ अहिल्याबाईंच्या सासूबाई गौतमाबाई यांच्यापासून होतो. गौतमाबाई या खानदेशातील तळोद्याच्या भोजराज बारगळांची कन्या, म्हणजे मल्हाररावांच्या मामाचीच मुलगी. पेशव्यांकडून मल्हाररावांना जो मुलूख मिळाला तो सरंजाम होता. त्याचे उत्पन्न फौजेचे. त्यातून घोडे, शिलेदार व मोहिमा पोसावयाच्या. १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे काही महाल वेगळे तोडून दिले. त्यांचे वार्षिक उत्पन्न सुमारे ३ लाख रुपयांचे होते. यालाच खासगी म्हणत. दौलतीचा खजिना व खासगीचा खजिना हे दोन निराळे, त्यांचे हिशेबही निराळे आणि खासगीवर अधिकार घरच्या बाईचा.

१७६१ साली गौतमाबाई वारल्या व ही खासगी सुनेच्या हाती आली. म्हणजे कारभाराची सूत्रे हाती येण्यापूर्वीच काही वर्षे अहिल्याबाई स्वतंत्र उत्पन्नाचा जमाखर्च पाहत होत्या. पुढे राज्यकारभार चालवितानाही त्यांनी हे दोन खजिने एकमेकांत मिसळू दिले नाहीत. फौज तुकोजी होळकरांकडे सोपविली आणि धर्मकृत्यांचा भार खासगीवर ठेवला. काशीचे विश्वेश्वराचे मंदिर, गयेचे विष्णुपद, सोमनाथ, आपल्या मराठवाड्यातील परळी वैजनाथ ही यादी सर्वांच्या तोंडपाठ आहे, म्हणून ती येथे लांबवीत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, यांतील बहुतेक स्थळे होळकरांच्या राज्याबाहेरची होती. जेथे आपला अंमल नाही, तेथे घाट बांधावयाचा व तो पुढे चालावा म्हणून उत्पन्नाची तरतूद करून ठेवावयाची, हे काम तलवारीने होण्यासारखे नव्हते.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर वेरूळ येथे हा सगळा इतिहास एका गावात पाहावयास मिळतो. छत्रपती संभाजीनगरापासून सुमारे ३० किलोमीटरवर, लेण्यांच्या अगदी जवळ घृष्णेश्वराचे लाल दगडाचे मंदिर आहे. वेरूळच्या भोसल्यांपैकी मालोजीराजांनी, म्हणजे शिवछत्रपतींच्या आजोबांनी, त्याचा जीर्णोद्धार केला. पुढे अठराव्या शतकातील बांधकाम गौतमाबाई व अहिल्याबाई या सासूसुनांच्या नावाशी जोडले जाते. मंदिराकडे जाणारे यात्रेकरू पुष्कळ, परंतु गावातील शिवालय तीर्थाकडे वळणारे थोडे. चारी बाजूंनी उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, पायऱ्यांच्या टप्प्यावर आठ लहान देवळे आणि तळाशी पाणी. वेरूळला जाल तेव्हा मुलांना तेथे अवश्य न्यावे.

वेरूळ व अंबड हे होळकरांचेच परगणे होते, हे आज फारसे कोणाला ठाऊक नसते. सभोवार निजामाचा मुलूख आणि मध्येच हे तुकडे. १८१८ च्या मंदसोरच्या तहात होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा प्रदेश सोडून दिला, त्यात अंबड व वेरूळ ही नावे स्पष्ट लिहिलेली आहेत. सत्ता गेली, तीर्थ राहिले.

त्याच सुमारास माळव्यात आलेल्या जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने अहिल्याबाईंविषयी कसून चौकशी केली. त्यांना जाऊन तेव्हा वीसएक वर्षे लोटली होती. हा मनुष्य आपला भाट नव्हे, होळकरांशी लढून आलेला शत्रू होय. चौकशी करावी तितका आदर वाढतच जातो, अशा आशयाची कबुली त्याने १८२३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात दिली आहे. त्याने टिपलेल्या गोष्टी देवळांपेक्षाही आम्हांस हृद्य वाटतात. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रस्त्यांवर पाणपोया असत. थंडीत गरिबांना व नोकरचाकरांना गरम वस्त्रे मिळत. नांगर ओढणारे बैल भर कामात थांबवून बाईंचे नोकर त्यांना पाणी पाजीत. उभ्या पिकातून हाकललेल्या पाखरांना कोठेतरी दाणा टिपता यावा म्हणून बाईंनी शेते विकत घेऊन मोकळी ठेवली होती. मेंढरांमागे रानोमाळ हिंडलेल्या घराण्यांना मुक्या जिवाची तहान कळते, असे म्हणावयाचा मोह आम्हांस होतो.

विधवांच्या बाबतीत तर त्यांचा निर्णय काळाच्या फार पुढचा होता. निपुत्रिक सावकार मेला की त्याचे धन सरकारजमा करण्याची अथवा दत्तकाला मंजुरी देताना मोठा नजराणा उकळण्याची वहिवाट सर्वत्र होती. अहिल्याबाईंनी ती आपल्या राज्यात चालू दिली नाही. विधवेने दत्तक घ्यावा, नाहीतर धन स्वतःच्या इच्छेने खर्चावे. आपण होऊन पुढे केलेली दौलतसुद्धा त्यांनी घेतली नाही, लोकोपयोगी कामास लावण्यास सांगितले. ज्या बाईचे स्वतःचे कुंकू, पुत्र व नातू गेले होते, तिला विधवेच्या पेटीवर सरकारी कुलूप पडणे म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगावयाची गरज नव्हती.

खासगीची ही परंपरा राज्ये विलीन झाल्यावरही संपली नाही. १९६२ साली तिच्या धर्मादायांसाठी विश्वस्त निधी स्थापन झाला. गौतमाबाईंपासून मोजले तर ही सव्वादोनशेहून अधिक वर्षे होतात. आणि या साखळीची पहिली दोन कडी पाहा : एक सासू, एक सून. दोघीही बाहेरून आलेल्या मुली. एक तळोद्याची, एक चौंडीची.

आता आपल्या घरांकडे येऊ. अशा स्मरणिकांतून सभासद कुटुंबांच्या वंशावळी छापण्याची प्रथा आहे. आम्ही त्या वाचून पाहिल्या. पणजोबा, खापरपणजोबा यांची नावे अचूक मिळतात. पणजीच्या जागी बहुधा काहीच नसते, फार तर ‘अमुक घराण्यातील कन्या’ एवढेच. तीर्थक्षेत्रांतील उपाध्यायांच्या चोपड्यांतही मुख्यतः पुरुषांचीच नावे सापडतात. घरातील ऐंशीच्या पुढच्या बायांना आपल्या आजेसासूचे नाव व तिचे माहेर अजून आठवते. दुष्काळात कोणी कोणाला धान्य दिले, गावातल्या बाळंतपणांना कोण धावून जाई, वारीच्या दिंडीला कोणाच्या ओट्यावर भाकरी मिळे, हेही त्याच सांगू शकतात. तरी पुढील अंकासाठी वंशावळ पाठविताना प्रत्येक पिढीतील स्त्रीचे नाव, माहेरचे गाव आणि तिने केलेले एखादे काम, एवढ्या तीन गोष्टी त्यांना विचारून लिहाव्यात. माहेरचे आडनाव आठवत नसेल तर गाव पुरे.