इंडस क्रीड

इंडस क्रीड (पूर्वीचे नाव : रॉक मशीन) हा मुंबईतील इंग्रजी भाषेत गाणारा भारतीय रॉक वाद्यवृंद आहे. त्याची स्थापना १९८४ मध्ये झाली. परदेशी गीतांच्या नकलेवर विसंबून असलेल्या भारतीय रॉकमध्ये स्वरचित गीतांचा आग्रह धरणाऱ्या आरंभीच्या वाद्यवृंदांत त्याची गणना होते. इंग्रजी गीतांमुळे देशात मर्यादित आणि परदेशात जवळजवळ अपरिचित राहिल्याने त्याच्या कार्याची दखल तुलनेने कमी घेतली गेली.

स्थापना आणि सदस्य

गिटारवादक महेश तिनईकर आणि बेस गिटारवादक मार्क सेल्विन यांच्या पुढाकाराने रॉक मशीनची स्थापना झाली. उदय बेनेगल हे पुढे मुख्य गायक झाले. जयेश गांधी (गिटार), मार्क मेनेझिस (ड्रम) आणि झुबिन बालापोरिया (कीबोर्ड) हे पहिल्या पर्वातील अन्य प्रमुख सदस्य होत.

त्या काळी शहरांतील रॉक वाद्यवृंद प्रामुख्याने महाविद्यालयीन महोत्सवांत वाजवीत आणि श्रोत्यांची मागणीही परिचित ब्रिटिश व अमेरिकी गाण्यांचीच असे. धोबी तलाव येथील रंगभवन हे खुले नाट्यगृह मुंबईच्या रॉकप्रेमींचे मुख्य केंद्र होते. ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव १९८६ मध्ये येथेच सुरू झाला.

संगीतशैली

रॉक मशीनचे आरंभीचे संगीत ‘मेलोडिक रॉक’ या प्रकारात मोडते. गिटारचा भारदस्त नाद, त्याला कीबोर्डची जोड, अनेक कंठांतून एकत्र उमटणारे आणि सहज ओठांवर रुळणारे ध्रुवपद ही या प्रकाराची लक्षणे होत. ब्रिटनमध्ये शेफील्डच्या डेफ लेपर्डने त्यास जगभर लोकप्रियता मिळवून दिली. मात्र लंडनमध्ये १९८४ मध्येच स्थापन झालेल्या एफएमसारख्या गुणी वाद्यवृंदांना तेवढे यश लाभले नाही. एफएम १९९५ मध्ये विसर्जित झाला व २००७ मध्ये पुन्हा उभा राहिला. रॉक मशीनची वाटचालही बरीचशी अशीच झाली. फरक इतकाच, की एफएमला इंग्रजी ही श्रोत्यांची मातृभाषा असलेली बाजारपेठ उपलब्ध होती.

ध्वनिमुद्रण आणि नामांतर

‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (१९८८) हा पहिला गीतसंग्रह. त्यानंतर ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) प्रकाशित झाला. त्यातील ‘प्रिटी चाइल्ड’ या गीताच्या चित्रफितीस १९९३ मध्ये एमटीव्ही आशियाचा प्रेक्षकपसंती पुरस्कार मिळाला. उपग्रह वाहिन्या भारतात नुकत्याच पोहोचल्या असताना लाभलेला हा सन्मान भारतीय रॉकच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला.

१९९३ च्या सुमारास वाद्यवृंदाने इंडस क्रीड हे नाव धारण केले. ‘इंडस’ म्हणजे सिंधू नदी. सर्वसाधारण वाटणाऱ्या जुन्या नावाच्या जागी आलेल्या या शब्दातून भारतीय ओळख सूचित होते. ‘इंडस क्रीड’ याच नावाचा गीतसंग्रह १९९५ मध्ये आला.

विघटन

१९९५ मध्येच अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’ने हिंदी पॉप संगीताची बाजारपेठ सिद्ध केली. संगीतवाहिन्या क्रमाने हिंदीकडे वळल्या. ज्या माध्यमाने इंग्रजी रॉकला देशभर पोहोचविले, त्याच माध्यमात त्याचे स्थान आक्रसत गेले. १९९७ मध्ये वाद्यवृंद विसर्जित झाला. बेनेगल व गांधी यांनी न्यूयॉर्क येथे ‘आम्स फॉर शांती’ हा भारतीय व पाश्चात्त्य संगीताचा मेळ घालणारा वाद्यवृंद उभारला.

पुनरागमन

२०१० मध्ये बेनेगल, तिनईकर व बालापोरिया पुन्हा एकत्र आले. रुशाद मिस्त्री (बेस गिटार) आणि जय राव कवी (ड्रम) हे नव्या पिढीचे वादक त्यांना येऊन मिळाले. या संचाचा ‘इव्हॉल्व्ह’ हा गीतसंग्रह २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे ध्वनिमिश्रण ब्रिटिश निर्माते टिम पामर यांनी केले. आरंभीच्या सुटसुटीत गीतांच्या तुलनेत यातील रचना अधिक दीर्घ व गुंतागुंतीच्या आहेत.

महत्त्व

स्वतःची गीते रचणे, ती ध्वनिमुद्रित करणे आणि चित्रफितींद्वारे श्रोत्यांपर्यंत नेणे हा आज भारतीय रॉक वाद्यवृंदांचा रूढ मार्ग आहे. तो रूढ नसताना रॉक मशीनने अवलंबिला, हे त्याचे मुख्य योगदान होय.

गीतसंग्रह

• रॉक अँड रोल रेनेगेड (१९८८)
• द सेकंड कमिंग (१९९०)
• इंडस क्रीड (१९९५)
• इव्हॉल्व्ह (२०१२)